लाल ठिपका

रेघ पुन्हा थरथरली.

"मेली आज ऐकायलाच तयार नाही," थोरली म्हणाली आणि हातातला प्रोब, वायरीच्या टोकाची ती तपाससुई, खाली ठेवला.

धाकटी जाऊ शेजारी उभी राहून बघत होती. टेबलावर तो जुना ऑसिलोस्कोप पोटातल्या तारा दाखवत उघडा पडला होता. वजनाला ट्रंकेएवढा, वयाने धाकटीपेक्षा मोठा. विजेची हालचाल हिरव्या रेघेत काढून दाखवणारं हे यंत्र हॉस्पिटलचं होतं. तिथले हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर याच्यावर ताडून बघत. म्हणजे आधी हा स्वतः बरोबर असायला हवा. पडद्यावर चौकोनी लाट यायला हवी, काटकोनी खांद्यांची, सपाट माथ्याची. लाट येत होती, पण माथा मध्येच तुटत होता.

थोरली म्हणजे थोरलीच! पडद्यावर नुसती नजर टाकून आत काय बिघडलंय ते सांगायची आणि नेमकं तेच बिघडलेलं निघायचं. प्रोबला चिमटा लावून मोकळं होणं तिला माहीत नव्हतं. चिमट्याने लाटेचे कोपरे बिघडतात म्हणे. एका हाताने प्रोबचं उघडं टोक पेनासारखं धरायचं आणि दुसऱ्या हाताने लाट जुळवणारा आतला स्क्रू केसभर फिरवायचा. धाकटी लग्न होऊन या घरात आली ती स्वयंपाकघर सोडून हा हात बघत बसली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता.

काम मनासारखं झालं की थोरली ड्रॉवरमधून लाल रंगाची इवलीशी बाटली काढायची आणि प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका द्यायची. ठिपका पडला की संपलं, मग त्याला कोणी हात लावायचा नाही. तो ठिपका पाहिला की हॉस्पिटलवाले पुढे काही तपासतसुद्धा नसत. ती बाटली तिने पोटच्या मुलालाही दिली नव्हती. मुलगा हुशार, शिकलेला, स्वभावाने तर लाखात एक. पुढेमागे बाटली त्याच्याकडेच जाणार हे सगळे धरून चालले होते. धाकटीही. फक्त ते मनात आलं की ती ड्रॉवरकडे बघायचं टाळायची.

सकाळपासून दोघींनी केबल बदलून पाहिली, अर्थिंग आवळलं, पंखा बंद केला, ट्यूबलाइटही घालवली. मध्येमध्ये थोरली स्क्रूही फिरवत राहिली. रेघ आपली थरथरतेच आहे.

"व्हॉल्व्ह बघ," थोरली म्हणाली.

धाकटी वाकली. बाकीच्या व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांवर धुळीची पुटं होती आणि हा एक मात्र नुकताच आंघोळ करून आल्यासारखा चकचकीत. "हा तर नवा आहे, वहिनी."

"काल मुलानं घातला. माझ्याशेजारी बसून बघत होता. म्हणाला, आई, व्हॉल्व्हच गेलाय. जरा मुरू दे, उद्या लाग कामाला." थोरली उठली. "तू बघ बाई काय ते. मी पुढे आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलंय का पाहते."

धाकटीने प्रोब उचलला. चिमटा न लावता, थोरलीसारखाच पेनासारखा धरून टोक टेकवलं.

रेघ स्थिर उभी राहिली. फिरवलेल्या स्क्रूंमुळे खांदे जरा कललेले, पण माथा कुठेही तुटत नव्हता. धाकटीने हात बदलला, तरी ती हलली नाही.

"सापडलं!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिने प्रोब खाली ठेवला. थोरली हल्ली चहा बशीत ओतत नाही. कप अर्धाच भरून घेते आणि दोन्ही हातांनी धरते. हे आपल्याला दिसत होतं आणि आपण ते बघितलं नाही.

आता काय करायचं? एखादी तार हलवून "जोड सैल होता" म्हटलं की झालं. थोरली मान डोलावेल, ठिपका देईल, तिचा मान राहील. पण त्या थरथरत्या रेघेकडे बघून तिने सकाळपासून स्क्रू फिरवले होते, त्यांचं काय? त्या स्क्रूंच्या भरवशावर तिकडे कुणाच्या तरी छातीवर वायरी चिकटवणार होते. आणि खरं सांगावं, तर लोक म्हणतील, जाऊ टपूनच बसली होती. लोकांचं जाऊ दे, जिने हातात स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं, तिला हे तोंडावर कसं म्हणायचं?

थोरली दारात उभी होती. "सापडलं काही?"

धाकटीची जीभ रेटेना. मग एकदम रेटली. "मशीन चांगलं आहे, वहिनी. आधीचा व्हॉल्व्हही चांगलाच असणार. तुमचा हात थरथरतोय."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं.

थोरली सावकाश येऊन खुर्चीवर बसली. उजवा हात तिने टेबलावर धाकटीला दिसेल असा ठेवला. तो हलत होता.

"रडतेस काय वेड्यासारखी? मला ठाऊक आहे. डॉक्टरांना दाखवून आले मी गेल्या आठवड्यात. हा आता असाच राहणार."

"मग सकाळपासून हे सगळं..."

"कोण काय सांगतंय ते बघत होते."

"पण काल तुमच्या मुलाला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? माझा मुलगा आहे तो." थोरली हसली. हसताना तिचे डोळे भरून आले. तिने डाव्या हाताने ड्रॉवर उघडला आणि लाल बाटली टेबलावरून धाकटीपुढे सरकवली.

"मी बिघडवलेले स्क्रू आधी जागेवर आण. मग ठिपका दे. काल त्यानं माझं मन राखलं गं. तू या ठिपक्याची लाज राखलीस."