दारातली गाडी

पोह्यांच्या बशा फिरत असतानाच सरकारी डॉक्टरांची गाडी ढोबळ्यांच्या दारात थांबली. तपासणी फुकट होती, बोलवावंही लागत नसे. मनगटावरच्या पट्टीला आजार आठवडाभर आधी कळे आणि गाडी निघे. त्यामुळे रेवतीला पाहायला आलेले पाहुणे बशा खाली ठेवून तिच्याकडेच बघू लागले.

"मॅडम, घर चुकलात. शेजारी बघा," तिचे वडील हात जोडून म्हणाले.

"पत्ता बरोबर आहे, काका."

मुलाची आई पदर सावरत उठली. "आधी सांगायचं होतं हो, भगवानराव. येतो आम्ही."

"मावशी, तुम्ही बसा," डॉक्टर पेटी उघडत म्हणाल्या. "तुमच्यासाठीच आलेय. घरी गेले होते, तर कुलूप होतं."