खडकवस्तीवरचा पुरुष

फाटकापासून दारापर्यंत फुफाट्यात उमटलेली पावले पुरुषी चपलांची होती, याबद्दल नायब तहसीलदार गोंदकरांना शंका उरली नाही. माप मोठे होते, पावलांतले अंतर लांब होते. शिवाय सगळी पावले आत जाणारी होती. बाहेर येणारे एकही नव्हते. गोंदकर विज्ञानाचे पदवीधर होते. जे आत गेले आणि बाहेर आले नाही ते आतच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

चौकशी विजयमालाची होती. तिचा नवरा नव्वद साली, मुलगी रांगत असताना, दुसरी बाई करून भोसरीला निघून गेला. नगरच्या कोर्टाने मुलीसाठी पोटगीचा हुकूम दिला. समन्स मात्र ‘सदर इसम पत्त्यावर मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येत राहिले. शेवटी तिने निराधार योजनेत अर्ज केला. अनुदान मिळाले तर दीपा या जूनमध्ये पहिलीत बसणार होती. न मिळाले तर आईबरोबर खुरपणीला जाणार होती.

अर्जाला हरकत निवड समितीचे सदस्य आप्पासाहेब यांची होती. बाई निराधार नाही, तिने घरात पुरुष ठेवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दारातल्या चपला त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, एकदा नव्हे, अनेकदा, आणि रात्री पाहिल्या होत्या. गावापासून लांब, दोनच घरांच्या या वस्तीवर रात्री त्यांचे काय काम होते, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत येत नव्हता. आजही ते जीपमधून सोबत आले होते आणि जीपमध्येच बसून होते.

गोंदकरांनी पद्धतशीर सुरुवात केली. दाराशी टायरच्या तळव्याच्या मोठ्या चपला होत्या. दोरीवर पुरुषाचा पांढरा सदरा वाळत होता. कॉलरवर घामाचा डागही नव्हता, म्हणजे बाई धुणे चांगले धूत होती. दाराला नवी, जाड कडी होती. जुनी कडी जिथून उखडली तिथे लाकूड फाटले होते. असले काम बाईमाणसाचे नव्हे, असे त्यांनी मनात नोंदवले.

शेजारच्या केशरबाईंना त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष प्रत्यक्ष पाहिला नव्हता. पण दर सांजेला विजयमाला “हात धुवा, ताट वाढलंय” असे कुणाला तरी म्हणते, हे त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येई. पोटच्या पोरीला कुणी अहो-जाहो करत नाही, एवढी पुस्तीही त्यांनी जोडली.

एवढ्यात दीपा दारात आली आणि परका माणूस पाहताच पाठ केल्यासारखे म्हणाली, “तात्या निजल्यात. उठवू नका.”

मागून विजयमाला आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

गोंदकर रागावले होते, तरी न्यायाने वागायचे त्यांनी ठरवले होते. सगळा पुरावा त्यांनी तिला एकेक करून सांगितला. तिने एकाही गोष्टीला नकार दिला नाही.

“शेवटचं विचारतो, बाई. घरात पुरुष आहे की नाही? नाही म्हणत असाल तर मी आत येऊन बघतो. घर रिकामं निघालं तर अनुदान आजच मंजूर.”

विजयमाला दारातून किंचित बाजूला झाली. त्याच वेळी जीपचा दरवाजा वाजला. आप्पासाहेब उतरून फाटकाशी आले होते.

“सांग की, विजे,” ते हसून म्हणाले. “सायेब काय परके न्हाईत. मी बी येतो आत, साक्षीला.”

ती पुन्हा उंबऱ्याच्या मधोमध उभी राहिली. उत्तर तिने गोंदकरांना दिले, पण नजर फाटकावरून हलवली नाही.

“हाय. माणूस हाय घरात. लिहा तसं. धडधाकट हाय, आन् कुऱ्हाड उशाला घिऊन निजतो. झोप मोडली तर कुनाचं ऐकत न्हाई.”

फाटकाच्या आत पडलेला आप्पासाहेबांचा पाय पुन्हा बाहेर गेला.

गोंदकरांचा संयम संपला. खऱ्या निराधार बायका कचेरीच्या पायऱ्या झिजवतात आणि तुमच्यासारख्या त्यांच्या तोंडचा घास पळवतात. मुलीकडे बघून तरी लाज वाटायला हवी होती, असे त्यांनी तिला सुनावले.

“निराधार बाईचं घर कसं असतं, सायेब?” तिने आवाज न चढवता विचारले. “तुमी ऱ्हायलाय कदी?”

गोंदकरांनी अर्ज फेटाळल्याचा शेरा जागेवरच लिहिला. ज्या शासनाला भोसरीतला एक नवरा पाच वर्षांत सापडला नव्हता, त्याला खडकवस्तीवरचा हा पुरुष अर्ध्या तासात, न पाहताच सापडला होता.

जीपची धूळ बसेपर्यंत विजयमाला दारात उभी होती. आत येऊन तिने चुलीवरची भाकरी उतरवली, दीपापुढे ताट ठेवले आणि रोजच्याप्रमाणे भिंतीपलीकडे पोहोचेल अशा आवाजात म्हणाली, “हात धुवा, ताट वाढलंय.”

दीपाने हात धुतले आणि ती जेवायला बसली.

“आई, शाळंत कदी जायचं?”

विजयमाला केरसुणी घेऊन बाहेर आली. आज आलेल्या साहेबांच्या बुटांनी अंगण विस्कटून टाकले होते. तिने फुफाटा सारखा केला. मग दारातल्या चपला उचलून ती अनवाणी, कडेकडेने फाटकापर्यंत गेली, तिथे त्या पायांत घातल्या, आणि लांब, जड पावले टाकत दारापर्यंत चालत आली.