टिप्याला सांगितलेलं

काकतीच्या भावकूआप्पांच्या लेकानं कुणाला न विचारता बेळगावच्या टिळकवाडीतली मधुवंती बायको करून आणली, तेव्हापासून आप्पा सुनेशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते कुत्र्याशी. थंडीत ती टिप्याला सकाळी फिरवायला निघाली की ते त्याच्या पाठीवर पोत्याचा तुकडा बांधत आणि बजावत, "टिप्या, लई गारठा हाय रं. कान झाकून जा. आणि धुक्यात हायवेला जायाचं न्हाय, शेताच्या वाटंनं जायाचं."

मधुवंती मुकाट्यानं आत जाऊन स्कार्फ बांधून यायची आणि शेताची वाट धरायची.

पौषात टिप्याला खोकला झाला. एका सकाळी तो चुलीपासून हलेचना. बेळगावातून औषध आणायला मधुवंतीनं एकटीनंच स्कूटर बाहेर काढली. पुढचा रस्ता धुक्यात दिसत नव्हता. आप्पा दारात आले. सवयीनं त्यांनी पायाशी पाहिलं, तिथं कुणीच नव्हतं. मग खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकून अंगणात उतरले.

"थांब गं पोरी," ते म्हणाले, "मी मागं बसतो."