जुना प्रोसेसर
दादाने बहिणीला न विचारता तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर बसवला आणि पडदा काळाच राहिला. संध्याकाळपर्यंत इमारतीचा नकाशा पाठवला नाही तर तिचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तिने फोनवर कारण शोधलं आणि वाचता वाचता तिचे कान लाल झाले. “अरे शहाण्या, आधी मदरबोर्डचं फर्मवेअर अपडेट करायचं असतं. त्याशिवाय तो नव्याला ओळखत नाही. जुना बसव, मी अपडेट करते.” दादाने खिशातून किल्ल्या काढल्या. त्यांना जुना प्रोसेसर लटकत होता, कोपऱ्यात भोक पाडलेला. “तुझ्यासाठीच किचेन केलं गं. आठवण म्हणून.” तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि दादाच्याच कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. दोघांनी एकाच दिवशी एकसारखेच घेतले होते आणि त्याच्यात अजून तोच जुना प्रोसेसर होता. “अगं, काम झालं की परत देशील ना?” “देईन की, आठवण म्हणून. ते ड्रिल कुठे ठेवलंस?”