वाचक शून्य

मानसीनं बीपीचं मशीन काढलं तसा खुर्चीत बसलेल्या आबांनी हात मागं घेतला.

“आधी पाच मिनिटं गप बसायचं. पाठ टेकून, पाय जिमिनीला.”

मानसी पुण्याच्या एका हॉस्पिटलात मशीनं दुरुस्त करते. तिला बीपीचं मशीन शिकवणारे तिचे आजोबा मळवलीतल्या एका बंगल्याचे राखणदार. ती गप्प बसली. बोलायची इच्छा तशीही नव्हती. सकाळीच तिनं आपला ब्लॉग बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. ‘हा शेवटचा लेख’ असा मथळाच दिला होता. दीड वर्ष ती दर रविवारी दवाखान्यातल्या यंत्रांवर मराठीत लिहीत होती आणि वाचकांचा आकडा दर रविवारी शून्य दाखवत होता. एकदा एक झाला होता. तेव्हा तिनंच कामावरच्या कंप्युटरवरून उघडून बघितलं होतं. त्यामुळं जाहीर नक्की कुणाला केलं, हा प्रश्न होताच.

आतून येसूबाई आजीनं विचारलं, “मानसे, च्या टाकू का गं?”

“टाकू नको,” आबा म्हणाले. “बीपीच्या आधी अर्धा तास च्या न्हाई. आता बोललो मी. परत पाच मिनिटं.”

“बघ गं बाय!” आजी दारात आली. “वरीस झालं ह्यो छळ चाललाय. माज्या काखेत थर्मामीटर घालून घड्याळ बघत बसत्यात. त्या दिशी कोंबड्याच्या तुऱ्याला त्यो ऑक्सिजनचा चिमटा लावला.”

“कोंबड्याला लावू नका असं लेखात कुटं लिव्हलंय?”

“किती दाखवलं?” मानसीच्या तोंडून निघून गेलं.

“चौऱ्याण्णव. मग त्यो पळाला. तू बोललीस. परत पाच मिनिटं. घाईनं इचारलं तर मशीनसुदिक सासूवाणी चढूनच बोलतंय.”

मानसीच्या हातातला पट्टा हातातच राहिला. सासूचं वाक्य तिचं होतं. लिहून दोनदा खोडलं होतं आणि तिसऱ्यांदा ठेवलं होतं.

“आबा, हे कुठं वाचलंत तुम्ही?”

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. बंगल्याचे मालक असलेल्या डॉक्टरसाहेबांनी त्यात एक ॲप टाकून दिलं होतं. आवडीचे ब्लॉग एकदा त्यात घातले की नवा लेख आपोआप येऊन पडतो. आबांनी दवाखान्याच्या यंत्रांवरचे सात ब्लॉग घातले होते. सहा ‘परके’ नावाच्या खणात. सातवा ‘घरचे’मध्ये, एकटाच.

“पण माझ्या ब्लॉगवर एक माणूस येत नाही, आबा! आकडा शून्य आहे!”

“टपाल घरपोच येतंय, मग तुज्या दाराशी कशाला यायचं? गोरख, अंबाजी, आरोग्य केंद्रातली शिस्टर, धा-बारा जणांच्या फोनात मीच घालून दिलंय. कोन बी येत न्हाई. समदी घरीच बसून वाचत्यात.”

मानसीनं फोन जवळ ओढला. ‘घरचे’मधले सगळे मथळे वाचून फिके पडलेले. सगळ्यात वरचा तेवढा ठळक, काळा: ‘हा शेवटचा लेख’. तिचं बोट तिकडं गेलं तसा आबांनी फोन काढून घेतला.

“हात लावू नको. त्यो मी वाचलेला न्हाई.”

“सकाळीच आलाय की.”

“आलाय. ऱ्हाऊ दे पडून.” त्यांनी फोन खिशात घातला आणि पट्टा आपल्याच हातानं दंडावर गुंडाळायला घेतला. “येत्या रविवारी त्याच्यावर दुसरं कायतरी टाक. कोंबड्याचं टाक. म्हंजी त्यो खाली जाईल.”

मानसीनं बोलायला तोंड उघडलं.

आबांनी पाय जमिनीला टेकवले, पाठ ताठ केली आणि घड्याळाकडं बोट दाखवलं.