राजीनामा नामंजूर

पक्कडने पुन्हा एकदा राजीनामा दिला तेव्हा राणीसाहेब खिडकीशी बसून मोज्याला रफू करत होत्या.

“नामंजूर,” त्या म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

पक्कड हे त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्याच्या मामानं ते ठेवलं होतं, कारण हा पोरगा एकदा हातात धरलेली गोष्ट सोडायचा नाही. याच इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, तेव्हा आत राणीसाहेब होत्या. मामासोबत दुरुस्तीला आलेल्या पक्कडने त्यांना फटीतून वर ओढून काढलं आणि त्या धडपडीत स्वतः पाय घसरून लिफ्टच्या खड्ड्यात खाली गेला. मामा खाली पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरच्यांनी रडून-भेकून त्याला निरोप दिला, सगळे आपापल्या घरी परतले, आणि पक्कडने डोळे उघडले ते सर्वांत वरच्या मजल्यावरच्या या घरात.

राणीसाहेब सावल्यांच्या राणी होत्या. त्या खोलीतून चालल्या की खुर्च्यांच्या, कपाटांच्या, खुंटीवरच्या कोटांच्या सावल्या त्यांच्याकडे वळून वाकायच्या. पहिल्यांदा हे पाहून पक्कडची बोबडी वळली होती. पुढे सवय झाली. घरात दुसरं माणूस म्हणजे म्हातारे कारभारी. त्यांनी त्याला काम समजावलं. राणीसाहेबांना वैरी आहेत, ते वेश पालटून येतात. त्यांना आत येऊ द्यायचं नाही. आणि इमारत सोडून जायचं नाही.

“एकदा मेलो तेवढं पुरे नाही का?” पक्कडने विचारलं होतं. कारभारी म्हणाले, हुकूम म्हणजे हुकूम.

वैरी आलेही. एक जण विजेचं मीटर बघायला म्हणून आला, एक जण इस्त्रीचे कपडे घेऊन. दोघांनाही पक्कडने मोठा पाना उगारून जिन्यावरून पिटाळलं. पण प्रत्येक वेळी राणीसाहेब धावत येऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. रक्षक मागे आणि राणी पुढे, ही कुठली तऱ्हा, असं त्याचं म्हणणं. माझं घर, माझी तऱ्हा, असं त्यांचं. हट्टीपणात दोघंही एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे.

मग एका सकाळी त्याला खिडकीतून आई दिसली. समोरच्या बसथांब्यावर उभी होती. अंगात त्याचाच स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. त्यानं काच बडवली, हाका मारल्या. तिनं वर पाहिलंच नाही. बस आली आणि तिला घेऊन गेली.

फक्त एकदा खाली जाऊन येतो, असं तो राणीसाहेबांना परोपरीनं सांगत राहिला. त्यांनी मान हलवली ती नकाराचीच.

“तुम्ही मला जिवंत केलं नाहीत,” तो म्हणाला. “डांबून ठेवलंय.”

राणीसाहेबांची सुई क्षणभर थांबली. “तसं समज,” त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी लिफ्टची तपासणी करायला एक इन्स्पेक्टर आला. खाकी कपडे, बगलेत टोपी, चेहरा अगदी सज्जन. पक्कडने जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. माणूस सरळ लिफ्टमध्ये शिरला. खरा इन्स्पेक्टर आधी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन दोर आणि ब्रेक बघतो, हे पक्कडला मामानं शिकवलं होतं. तो धावत गच्चीवर गेला आणि त्यानं स्विच पाडला. लिफ्ट वरच्या मजल्याच्या जरा खाली लटकली.

खाली येऊन त्यानं किल्लीनं बाहेरचं दार सरकवलं आणि फरशीवर पोटावर पडून फटीतून आत पाहिलं. इन्स्पेक्टर शांतपणे उभा होता. सापडलास, असं पक्कड म्हणणार होता. पण डोळ्यांपुढून तो स्वेटर हलत नव्हता.

“मी लिफ्ट वर घेतली,” तो हळूच म्हणाला, “तर मी यांच्या तावडीतून सुटेन?”

“मग तुला इथं कुणीच ठेवून घेऊ शकणार नाही.”

“पण बाईंना मारायचं नाही. तसं असेल तर इथंच लटकत राहा.”

“त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. शब्द देतो.”

माणूस खोटं बोलत असला की पापणी लवते, असं मामा म्हणायचा. या माणसाची पापणी लवली नाही. पक्कड उठला, गच्चीवर गेला. स्विचवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. त्याला कुणी विचारलं होतं का, परत यायचंय का म्हणून? कुणी विचारलं होतं का, पहारा देशील का म्हणून? आजवर सगळे हुकूम दुसऱ्यांचे. हा एक तरी आपला. त्यानं स्विच चढवला.

तो खाली पोचला तेव्हा लिफ्ट मजल्याला लागली होती. त्यानं स्वतःच्या हातानं दार उघडलं, घराचं दारही सताड उघडं टाकलं आणि छाती काढून बाजूला उभा राहिला.

“या आत,” तो म्हणाला.

राणीसाहेब अनवाणीच धावत आल्या. भिंतींवरच्या साऱ्या सावल्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांनी पक्कडचा दंड धरून त्याला मागे खेचलं, पण तो तसूभरही हलला नाही.

“आता नाही ऐकणार,” तो त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला. “तुमची चाकरी संपली.”

इन्स्पेक्टरनं राणीसाहेबांना कमरेत वाकून मुजरा केला. तुमच्याशी आमचं वैर कधीच नव्हतं, असं तो अदबीनं म्हणाला; तुम्ही दारात आडव्या उभ्या राहायचात म्हणून आमची माणसं परत जायची. मग तो वळला आणि त्यानं पक्कडच्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

“चल बाळा,” तो म्हणाला. “आम्ही तुलाच न्यायला येत होतो.”