एका ओळीचा कोड

“हे पान कुणाला फोडून बघायचंय का?” खांबेटे सरांनी विचारलं. मोठ्या पडद्यावर मी बनवलेल्या आमच्या वेबसाइटचं पान चाचणीसाठी उघडं होतं आणि शेजारी तेजल उभी होती.

आधी या पानावरच्या अभिप्रायाच्या चौकटीत कुणी कोड लिहिला, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तो चालायचा. ही फट मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. परवापरवा नोकरीला लागलेल्या या मुलीला ती दिसली आणि तिने बुजवलीसुद्धा. सकाळपासून सरांच्या तोंडी तेजलशिवाय दुसरं नाव नव्हतं.

एवढ्या घाईचं काम, कुठेतरी कच्चं असणारच. मी लॅपटॉप ओढला आणि चौकटीत एका ओळीचा कोड लिहिला. तो चालला की सगळ्यांच्या स्क्रीनवर एक खिडकी उघडणार होती: ‘तेजल, तुला अजून खूप शिकायचंय.’ मी ‘पाठवा’ दाबलं.

खिडकी उघडलीच नाही. कोड न चालता साध्या मजकुरासारखा पडद्यावर उमटला, त्या वाक्यासकट, आणि वर माझं नाव. सगळे वाचत होते. मी तो पुसायचं बटण शोधू लागलो. मग आठवलं, ते मी कधी बनवलंच नव्हतं.

तेजलनेही वाचलं. ती खुर्चीत बसली, घोटभर पाणी प्यायली.

“तुम्हीच फोडाल याची धास्ती होती मला, दादा,” ती म्हणाली. “आता फट बुजल्याची खात्री पटली.”